सीडीच्या डबीचं घरगुती कव्हर: सगळं अर्ध्या मिलिमीटरवर अडतं

जुन्या कॅसेटवरून सीडी करून ठेवलेल्या घरांत बहुतेक डिस्कवर मार्करने एवढंच लिहिलेलं असतं: ‘भजन २’. कुठल्या मंडळाचं, कुठल्या गावचं, पखवाजावर कोण होतं, मूळ ध्वनिमुद्रण कोणत्या साली झालं, यातलं काहीच नाही. ज्याने सीडी केली त्याला ते तेव्हा पाठ असतं, म्हणून लिहायचं राहून जातं. डिस्क डोळ्यांनी वाचता येत नाही, डबीतला कागद वाचता येतो. त्यामुळे भजनी मंडळाची काकड आरती असो, आजोबांचं कीर्तन असो की घरच्या बैठकीतलं गाणं असो, कव्हर नीट करणं हा ते ध्वनिमुद्रण जपण्याचाच भाग आहे. ते घरी, साध्या प्रिंटरवर किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात, अगदी बाजारातल्या सीडीसारखं करता येतं. मापं मात्र चोख लागतात.

इथे आपण नेहमीच्या जाड डबीबद्दल बोलतो आहोत, जिला ज्वेल केस म्हणतात. तिचं बाहेरचं माप साधारण १४२ × १२५ मिमी आणि जाडी १० मिमी. तिच्यात दोन वेगळे कागद बसतात. झाकणातला पुढचा कागद १२० × १२० मिमी. तो एकच चौकोन असू शकतो किंवा २४० × १२० चा कागद मधोमध दुमडून चार पानांचं बुकलेट होऊ शकतं. दुसरा कागद ट्रेच्या (डिस्क जिच्यावर अडकते त्या आतल्या तबकडीच्या) खाली, डबीच्या पाठीत बसतो. आपल्याकडे त्याला इनले कार्ड म्हणतात, कॅसेटच्या काळापासूनचा शब्द आहे. त्याचं पूर्ण माप १५१ × ११८ मिमी. त्यातला मधला भाग १३८ मिमी रुंद आणि दोन्ही बाजूंना साडेसहा-साडेसहा मिमीच्या पट्ट्या. या पट्ट्या वर दुमडल्या जातात आणि फळीवर डबी उभी ठेवली की त्यांवरचंच नाव दिसतं. प्रिंटिंगवाले या पट्टीला स्पाइन म्हणतात.

५ मिमीच्या पातळ डबीत फक्त पुढचा चौकोन बसतो, स्पाइन नसते. वाटण्यासाठी ती ठीक आहे. जपून ठेवायची प्रत मात्र जाड डबीतच ठेवा, नाहीतर फळीवरच्या वीस डब्यांमधून हवी ती शोधताना प्रत्येक डबी बाहेर काढावी लागते.

पुढचा कागद बराच क्षमाशील असतो. १२० ऐवजी ११९ झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. १२१ झाला तर झाकणात अडतो, तेवढं कापून टाकता येतं. इनले कार्डाचं तसं नाही. दोन घड्यांमधलं अंतर १३८ ऐवजी १३९ झालं की कार्ड मध्ये फुगतं, ट्रे वर बसताना ‘टक्’ असा आवाज येत नाही आणि डिस्क लावताना ट्रेचा एक कोपरा उचलला जातो. उंची ११९ झाली की वरची किंवा खालची कड चुरगळते. पट्टी ७ मिमीची झाली तर ती ट्रेच्या वर डोकावते आणि झाकण बंद होताना तिची कड घासून दोन-चार महिन्यांत पांढरी पडते. म्हणून कष्ट कुठे घ्यायचे याचं उत्तर सोपं आहे: पुढच्या चित्रावर कमी, मागच्या घड्यांवर जास्त.

कागद

इनले कार्डासाठी १५० ते १७० जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर किंवा मॅट कागद घ्या. ‘कार्ड’ या शब्दाला भुलून २५० किंवा ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड घेतलं जातं आणि तिथेच काम बिघडतं. इतक्या जाड कागदाची साडेसहा मिमीची पट्टी काटकोनात उभी राहत नाही, घडीवर शाई फुटते आणि ट्रेला बसायला जागा उरत नाही. उलट ७५-८० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद इतका पातळ असतो की पट्टीला लाटा येतात. घरात दुसरा कागद नसेल तर १०० जीएसएमचा चालवून घ्यावा, त्याखाली जाऊ नये. बुकलेटसाठी १०० ते १३० जीएसएम पुरे. एकच चौकोन असेल तर १७०-१८० जीएसएम चांगला, तो झाकणात ताठ राहतो.

इंकजेट प्रिंटर असेल तर कागद इंकजेटचाच हवा. दुकानातला गुळगुळीत आर्ट पेपर इंकजेटमध्ये घातला तर शाई वरच तरंगते आणि बोट लावताच पसरते. आर्ट पेपर लेझर किंवा डिजिटल प्रेससाठी आहे.

कागदाला लाकडासारखा रेषा असतो, त्यातले तंतू एका दिशेने पडलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सुतासारखी सरळ येते, आडवी घातली तर कड खरखरीत होते आणि गडद रंग तडकतो. ओळखायचं असं: कागदाचा ताव हातात धरून आधी लांबीला आणि मग रुंदीला हलकेच वाकवा. जिकडे विरोध कमी लागतो, तिकडची घडी तंतूंना समांतर. ए-फोरच्या बहुतेक कागदांत तंतू २९७ मिमीच्या बाजूला समांतर असतात. म्हणून इनले कार्ड उभ्या ए-फोरवर आडवं मांडावं, म्हणजे १५१ ची बाजू कागदाच्या रुंदीत येते आणि दोन्ही घड्या आपोआप योग्य दिशेला पडतात. दुकानातले मोठे ताव कुठल्याही दिशेने कापलेले असू शकतात, तिथे वाकवून पाहणं आवश्यक.

ए-फोरवरची मांडणी

पुढचा एक चौकोन आणि इनले कार्ड हे दोन्ही एकाच उभ्या ए-फोरवर बसतात. लिबरऑफिस ड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये पान २१० × २९७ मिमी ठेवा आणि आकडे हाताने भरा, माउसने ओढू नका. ड्रॉमध्ये चौकोन निवडून एफ-फोर दाबलं की जागा आणि माप भरायची खिडकी उघडते.

पुढचा चौकोन डावीकडून ४५ मिमी आणि वरून २० मिमीवर, माप १२० × १२०. इनले कार्ड डावीकडून २९.५ आणि वरून १५५ मिमीवर, माप १५१ × ११८. मग घडीच्या रेघा डावीकडून बरोबर ३६ आणि १७४ मिमीवर येतात, आणि कार्डाची उजवी कड १८०.५ वर. खाली २४ मिमी कोरे राहतात.

चित्र किंवा रंग कडेपर्यंत जात असेल तर तो कापायच्या रेघेच्या बाहेर ३ मिमी वाढवा. यालाच ब्लीड म्हणतात. तो नसला तर कापताना पाती केसभर सरकली तरी पांढरी चीर दिसते. ब्लीड धरून पुढचं चित्र १२६ × १२६ आणि इनले कार्ड १५७ × १२४ होतं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, त्याचे पिक्सेल साधारण १४८८ × १४८८ आणि १८५४ × १४६५. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं चित्र आकुंचन पावलेलं असतं. मूळ पाठवणाऱ्याकडून ते डॉक्युमेंट म्हणून परत मागवा.

कापायच्या आणि घडीच्या खुणा चौकोनाच्या आत काढू नका. ब्लीडच्याही बाहेर, ५ मिमी लांबीच्या बारीक रेघा ठेवा. कापायच्या खुणा अखंड, घडीच्या तुटक, म्हणजे हातात मोजपट्टी असताना गोंधळ होत नाही. मजकूर कडेपासून ४-५ मिमी आत राहू द्या. झाकणातल्या अर्धगोल जिभा कागदाच्या कडा धरून ठेवतात, अगदी कडेला लिहिलेलं त्यांच्यामागे जातं.

पाठीच्या भागाचा आणि स्पाइनचा रंग वेगळा ठेवण्याचा मोह टाळा. पाठ पिवळी आणि स्पाइन काळी असेल तर घडी पाव मिमी चुकली तरी काळी रेघ पाठीवर उतरलेली दिसते. रंग एकच ठेवून तो घडीवरून तसाच पुढे जाऊ दिला तर हीच चूक कुणाला दिसत नाही. शिवाय घडीवर गडद रंग जितका कमी, तितका तडकण्याचा धोका कमी.

डबीचं प्लास्टिक पारदर्शक असलं तरी त्यावर खोलीतला उजेड चमकतो. देवळातल्या समईच्या उजेडात काढलेला फोटो पडद्यावर छान दिसतो, पण कागदावर उतरून प्लास्टिकच्या मागे गेला की काळा डाग होतो. असे फोटो छापण्याआधी थोडे उजळ करून घ्या. पडद्यावर किंचित फिके वाटतील इतके.

स्पाइनवरची देवनागरी

कव्हरांचे तयार साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. त्यांत स्पाइनसाठी दिलेला अक्षरांचा आकार देवनागरीला जसाच्या तसा चालत नाही. आपल्या अक्षराला वर रफार, वेलांटी, मात्रा आणि खाली उकार असतात. साडेसहा मिमीच्या पट्टीत १२ पॉइंटचा मराठी मजकूर टाकला तर रफार बाहेरच्या कडेला आणि उकार घडीत जातो. ९ पॉइंट हा सुरक्षित आकार, फार तर १०. पारखायला ‘पूर्वार्ध’ हा शब्द टाकून बघा. त्यात खाली दीर्घ उकार आहे आणि वर दोन रफार. हा शब्द पट्टीच्या दोन्ही कडांपासून किमान एक मिमी आत बसला, तर बाकीचं सगळं बसतं. मधोमध ठेवताना शिरोरेषेवरून अंदाज घेऊ नका, मात्रांसकट पूर्ण उंची धरून मध्य काढा. नाहीतर ओळ एका बाजूला सरकल्यासारखी दिसते.

हा शब्द असाही कामाचा आहे. सीडी-आरमध्ये, म्हणजे घरी भरायच्या कोऱ्या सीडीत, ८० मिनिटं मावतात. साठ मिनिटांची कॅसेट एका डिस्कवर येते, पण नव्वदची येत नाही, तिला दोन डिस्क लागतात. तेव्हा ‘१/२’ आणि ‘२/२’ लिहिण्यापेक्षा ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ लिहिलं तर कॅसेटच्या दोन बाजूंशी त्याचा मेळ राहतो.

अक्षरांची दिशा कशी ठेवायची? नियम एकच: दोन्ही स्पाइनवर अक्षरांचा माथा कार्डाच्या बाहेरच्या कडेकडे. म्हणजे सपाट कार्ड समोर धरलं की डावी पट्टी खालून वर वाचली जाते आणि उजवी वरून खाली. घडी घालून डबी टेबलावर चित्र वर करून ठेवली की दोन्ही बाजूंची नावं सरळ वाचता येतात. ड्रॉमध्ये कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात, म्हणून डाव्या पट्टीला ९० आणि उजवीला २७० अंश. एकाच ओळीची नक्कल दोन्हीकडे त्याच कोनात चिकटवली तर एक नाव उलटं येतं. ही फार नेहमीची चूक आहे.

फाँट युनिकोडच घ्या. मुक्त हा साधा आणि लहान आकारातही वाचनीय आहे, बारीक मजकुराला उत्तम. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फाँटमध्ये ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाचे ल-श आधी येतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली तरच, आणि फाँटमध्ये सोय असेल तरच, बदलतात. अभंगांच्या यादीत हिंदी वळणाचा ल खटकतो, म्हणून एवढं बघावंच. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवायची असतील तर जाड वजन निवडा. बारीक वजनाच्या शिरोरेषा छपाईत भरून जातात.

अक्षरं फुटणं ही दुसरी अडचण. ‘कीर्तन’ची वेलांटी भलतीकडे गेलेली, ‘पहिली’तली ऱ्हस्व वेलांटी ह-च्या नंतर आलेली, जोडाक्षराच्या जागी हलन्त: असं दिसलं तर फाँट बदलून उपयोग नाही, दोष सॉफ्टवेअरच्या मांडणीत आहे. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई किंवा वर्ल्ड-रेडी पर्याय निवडावा लागतो. स्क्रायबसच्या १.४ मालिकेत देवनागरी धड येत नाही, १.६ मध्ये येते. लिबरऑफिस आणि इंकस्केपमध्ये हा त्रास सहसा होत नाही. छापण्याआधी ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’, ‘बाऱ्या’ असे एक-दोन शब्द टाकून अर्धा ऱ नीट येतो का ते पाहा. वाक्यभर सगळं नीट दिसतं आणि नेमका गावाच्या नावात हा ऱ तुटतो.

मागच्या बाजूला काय लिहायचं? गाण्यांची यादी आणि वेळ तर हवीच. भजनाच्या ध्वनिमुद्रणात नुसतं ‘अभंग १, अभंग २’ लिहू नका. रूपाचा अभंग, गौळण, भारूड, भैरवी असा क्रम लिहिला तर ऐकणाऱ्याला बैठक कुठे पोचली आहे ते कळतं. त्यापुढे पहिल्या चरणाचे दोन शब्द. खाली लहान अक्षरांत चार गोष्टी: मूळ ध्वनिमुद्रणाचं ठिकाण आणि तिथी किंवा तारीख, गाणारे, साथीला पखवाज, पेटी आणि टाळ कुणाचे, आणि कॅसेटवरून उतरवल्याची तारीख. ध्वनिमुद्रणाची आणि उतरवल्याची अशा या दोन तारखा वेगळ्या आहेत हे स्पष्ट लिहा. नुसतं साल लिहिलं तर पुढच्या पिढीला ते उतरवल्याचं वाटेल. तारीख नक्की ठाऊक नसेल तर ‘अंदाजे’ हा शब्द लिहायला लाजू नये. यादीला ८ पॉइंट पुरतात, पण देवनागरीसाठी ओळींमधलं अंतर आकाराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

छपाई

फाइल पीडीएफ करा आणि छापताना ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा. ‘फिट टू पेज’ हा पर्याय बऱ्याच ठिकाणी आधीपासूनच निवडलेला असतो. त्याने पान साधारण तीन टक्क्यांनी लहान होतं, १२० चे ११६ होतात आणि स्पाइनच्या दोन घड्यांमधलं अंतर चार मिमीने कमी होतं. डोळ्याला हे कळत नाही, डबीत घालतानाच कळतं. म्हणून पानाच्या कोऱ्या भागात बरोबर १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा. पहिली प्रत साध्या कागदावर काढा आणि ती रेघ मोजपट्टीने मोजा. शंभर भरली तरच चांगला कागद घाला.

दुकानात जाताना फाइल पेन ड्राइव्हवर न्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बऱ्याच दुकानांत काम कोरल ड्रॉमध्ये होतं आणि तिथल्या संगणकावर तुमचा फाँट असेलच असं नाही. फाँट पीडीएफमध्ये अंतर्भूत हवेत किंवा मजकूर कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांची चित्रं केलेला हवा. मजकूर परत टाइप करून देतो असं दुकानात कुणी म्हटलं तर नको म्हणा. नावांमध्ये चुका तिथेच होतात.

प्रती जास्त हव्या असतील तर ए-थ्रीचा हिशोब फायद्याचा आहे. आडव्या ए-थ्रीवर, म्हणजे ४२० × २९७ वर, ब्लीडसकट दोन चारपानी बुकलेट एकाखाली एक आणि त्यांच्या बाजूला दोन इनले कार्डं एकाखाली एक बसतात. रुंदीत २४६ आणि १५७ मिळून ४०३, उंचीत दोन वेळा १२६ म्हणजे २५२. रुंदीत जेमतेम १७ मिमी उरतात, त्यामुळे खुणा आखूड ठेवाव्या लागतात. दुकानात बारा बाय अठरा इंची ताव असेल तर तोच घ्या, जागा मोकळी मिळते.

क्रीज, घडी आणि कापणी

आधी कापून मग घडी घालू नका. खुणा कापून गेल्यावर घडी कुठे घालायची हे फक्त अंदाजावर राहतं. आधी क्रीज (घडीच्या रेघेवर दाबून काढलेला चर), मग कापणी, शेवटी घडी.

क्रीजसाठी शाई संपलेली बॉलपेनची रिफील सगळ्यात चांगली. तिचं टोक गोल असतं, कागद दाबतं पण चिरत नाही. शाई खरोखर संपली आहे ना हे रद्दीवर जोरात रेघोट्या मारून बघा, अर्धी संपलेली रिफील कार्डाच्या मध्यावर अचानक निळी रेघ सोडते. छापलेला ताव छपाई वर करून कटिंग मॅटवर ठेवा. मॅट नसेल तर जुन्या कॅलेंडरची चार-पाच पानं खाली घाला, अगदी टणक टेबलावर क्रीज उठत नाही. स्टीलची पट्टी वरच्या आणि खालच्या तुटक खुणेला लावा. रिफील पट्टीच्या कडेपासून थोडी दूर चालते, साधारण तिच्या टोकाच्या निम्म्या जाडीइतकी, म्हणून पट्टी तेवढी अलीकडे ठेवा. मग पट्टी डाव्या हाताच्या पसरलेल्या बोटांनी दाबून धरा आणि रिफील वरून खाली दोनदा ओढा. पहिल्यांदा हलकी, दुसऱ्यांदा भार देऊन. कागदावर चर दिसला पाहिजे आणि मागून बोट फिरवलं तर तिथे उंचवटा लागला पाहिजे.

हा उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला राहायला हवा. इनले कार्डाची छपाई बाहेर असते आणि पट्ट्या मागे, म्हणजे छपाईपासून दूर वळतात. म्हणून चर छपाईच्या बाजूने. अनेक जण चर असेल तिकडे कागद मुडपतात, कारण तसा तो सहज वळल्यासारखा वाटतो. तशी घडी घातली की कड जाड आणि गोल होते.

कापायला कात्री नको. १२० मिमीच्या सरळ कापात कात्री दोन-तीन वेळा उघडते, मिटते आणि प्रत्येक ठिकाणी बारीक पायरी पडते. तुटक पातीचा कटर घ्या आणि कामाला बसताना पातीचा पुढचा तुकडा मोडून नवी धार काढा. पट्टी नेहमी कार्डावर ठेवा, पाती बाहेरच्या बाजूने चालवा. हात सरकला तर कचरा कापला जातो, कार्ड नाही. एका दमात आरपार कापायचा प्रयत्न केला की जोर वाढतो आणि पट्टी हलते. हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. कापल्यावर पट्टीच्याच आधाराने स्पाइनची घडी वर उचला आणि नखाऐवजी चमच्याच्या पाठीने दाबा. नखाने लेझरच्या छपाईवर चकाकणारा ओरखडा उठतो.

डबीत बसवणं

नव्या डब्यांत ट्रे बहुधा सुटा मिळतो. जुन्या डबीतला ट्रे काढायचा असेल तर झाकण उघडून ट्रेच्या कडेखाली बोथट सुरीचं टोक सरकवा आणि एकेक कोपरा हळूहळू उचला. मधली गोल दात्यांची फुली धरून ओढू नका. डबी पॉलिस्टायरीनची असते, ते वाकत नाही, तडकतं, आणि एक दाता तुटला तरी डिस्क खुळखुळते.

कार्ड छपाई खाली करून डबीच्या तळात ठेवा, दोन्ही पट्ट्या बाजूच्या भिंतींना टेकून उभ्या. मग ट्रे वरून घाला, खाचाखाचांची जाड पट्टी बिजागरीकडे. कार्डाच्या पट्ट्या ट्रे आणि भिंत यांच्या मध्ये आहेत ना हे दोन्ही बाजूंनी पाहून मगच चारही कोपरे दाबा. त्याआधी डबी मिटून पुस्तकाचं पान उलटावं तशी उलटा. पाठ सुलटी वाचता आली पाहिजे. पुढचं चित्र सुलटं आणि पाठ उलटी असं फार वेळा होतं आणि ट्रे बसवल्यावर ते लक्षात येतं.

ट्रे काळा नसून पारदर्शक असेल तर डिस्क काढल्यावर कार्डाची कोरी मागची बाजू दिसते. ती भरायला कागदाच्या दोन्ही बाजूंना छापण्यापेक्षा १३७ × ११७ मिमीचा पातळ वेगळा कागद छापून आत ठेवणं सोपं. घरच्या प्रिंटरवर दोन्ही बाजू एक-दोन मिमी हमखास सरकतात.

बुकलेट झाकणात घालताना दुमडलेली बाजू आधी, बिजागरीच्या दिशेने. सुट्या पानांची बाजू आधी घातली तर पानं जिभांमध्ये अडकून मुडपतात.

आठ पानांचं बुकलेट

अभंगांचे शब्द द्यायचे असतील तर चार पानं अपुरी पडतात. पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत. आठ पानांसाठी २४० × १२० चे दोन ताव लागतात. बाहेरच्या तावाच्या एका बाजूला डावीकडे ८ आणि उजवीकडे १, मागे २ आणि ७. आतल्या तावाला एका बाजूला ६ आणि ३, मागे ४ आणि ५. आडव्या ए-फोरवर दोन्ही बाजू छापताना आखूड कडेवर उलटण्याचा पर्याय निवडा, लांब कड निवडली तर मागची पानं डोक्यावर उभी येतात. घरी बारा पानांच्या पुढे जाऊ नये, बुकलेट फुगतं आणि झाकणाच्या जिभांवर ताण येतो.

साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. स्टेपलर पूर्ण उघडून, थर्माकोलच्या तुकड्यावर बुकलेट उलटं पसरून, बाहेरून पिन मारता येते आणि आतून तिचे पाय चमच्याने वळवता येतात. पण कोकणात किंवा मुंबईच्या हवेत दोन पावसाळ्यांत पिना गंजतात आणि घडीवर तांबडे डाग येतात. त्यापेक्षा दोऱ्याने शिवा. घडीवर वरून ३०, ६० आणि ९० मिमीवर सुईने तीन भोकं पाडा. ४० सेंमी दोरा घेऊन आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. आत दोऱ्याची दोन टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारा. पाच मिनिटांचं काम. शिवून झाल्यावर मोकळी बाजू पुन्हा एकदा कापून सरळ करा, कारण आतली पानं बाहेरच्यांपेक्षा थोडी पुढे आलेली असतात.

छापल्यानंतर

इंकजेटची छपाई एक दिवस मोकळ्या हवेत वाळू द्या आणि मगच डबीत घाला. ओलसर शाईचा चकचकीत फोटो पेपर झाकणाला चिकटतो आणि ओढून काढला की चित्राचे पापुद्रे प्लास्टिकवर राहतात. दमट गावात चकचकीतपेक्षा मॅट कागद बरा. लेझरच्या छपाईला हा धोका कमी, पण ते कार्ड मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, टोनर त्या प्लास्टिकला चिकटून उचलला जातो.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. थोडं तिरकं बसलं तरी फिरताना डिस्क डगमगते, आणि गोंद सुटला की लेबल ड्राइव्हमध्ये अडकतं. बॉलपेनही नको. सीडी-आरचा आरशासारखा थर वरच्या, म्हणजे लिहायच्या बाजूला, फक्त लाखेच्या पातळ थराखाली असतो. खालच्या बाजूला जवळजवळ १.२ मिमीचं प्लास्टिक त्याला सांभाळतं, वर तसं काही नाही. मऊ टोकाच्या सीडी मार्करने फक्त क्रमांक लिहा, तोच क्रमांक स्पाइनवरही असू द्या. मग डिस्क चुकून दुसऱ्या डबीत गेली तरी घरी परत येते.

इनले कार्डाची एक जादा प्रत, न दुमडता, सपाट ठेवून द्या. या डब्यांच्या झाकणाचे बिजागरीचे दोन कान सगळ्यात आधी मोडतात आणि डबी बदलावी लागते. जुनं कार्ड एकदा बाहेर काढलं की घडीवर थकलेलं असतं, दुसऱ्यांदा पट्ट्या तितक्या ताठ उभ्या राहत नाहीत. नव्या डबीत नवं कार्ड घाला.